औषधाचा रस्ता ताटलीपाशीच का संपतो?

जिल्हा आवृत्तीच्या पानावर वर्षातून एकदा तरी एक बातमी झळकते. अमुक तालुक्याच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने कर्करोगाच्या पेशी मारणारे संयुग तयार केले. संस्थेचे अध्यक्ष सत्कार करतात, शाल-श्रीफळ होते, छायाचित्र छापून येते आणि त्यानंतर त्या संयुगाचे नाव पुन्हा कोणाच्याही कानावर पडत नाही. शोध खोटा होता म्हणून असे होते काय? बहुतेक वेळा शोध आपल्या जागी खराच असतो. पेशी मेलेल्या असतात, आकडे मांडलेले असतात, निबंध छापलेला असतो. खोटी असते ती त्याच्याभोवती उभी केलेली आशा. आणि दोषी असते ती व्यवस्था, जी या शोधाला चाचणीच्या ताटलीपुढे एक पाऊलही टाकू देत नाही.

हा प्रश्न नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या कुहीसारख्या गावातून पाहिला पाहिजे, कारण त्याची दोन्ही टोके तेथे एकत्र येतात. एका टोकाला तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणारा अध्यापक आहे, जो अपुऱ्या प्रयोगशाळेत, पुष्कळदा स्वतःच्या खिशातून रसायने आणून संयुगे बनवतो. दुसऱ्या टोकाला मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणारी, पावसाळ्यात धानाच्या बांधीत अनवाणी उभी राहणारी मजूर स्त्री आहे. तिच्या तळपायावर काळा डाग उमटला, तो वाढू लागला, चिघळला, तर तिला नागपूरच्या ‘मेडिकल’ची वाट धरावी लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. या दोन टोकांना जोडणारा रस्ता कोणी बांधलाच नाही. समाजवादी कार्यकर्त्याने बोलायला हवे ते या न बांधलेल्या रस्त्याबद्दल.

ताटलीत काय घडते?

प्रथम चाचणी म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे. नागपूर परिसरातील रसायनशास्त्रज्ञ अनेक वर्षे चॅल्कोन, फ्लॅव्होन अशा वर्गांतील संयुगे बनवत आले आहेत. त्यांची घडण फार खर्चिक नाही. साध्या ॲसिटोफिनोन व बेंझाल्डिहाइड यांच्या संयोगातून चॅल्कोन मिळते. फ्लॅव्होन बनवण्याच्या एका प्रसिद्ध रीतीला तर कृष्णस्वामी व्यंकटरामन यांचे नाव जोडलेले आहे. मुंबईच्या रासायनिक तंत्रविज्ञान विभागाचे ते संचालक होते आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. म्हणजे ही विद्या परकी नाही. ती याच मातीत रुजलेली आहे.

संयुग तयार झाले की त्याची रचना पडताळण्यासाठी नमुने चंदीगड किंवा लखनौच्या उपकरण केंद्राकडे जातात. मग ते पेशींवरील चाचणीसाठी जातात. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत अशी सोय उभी राहिली. ९६ लहान खळगे असलेल्या प्लास्टिकच्या ताटलीत माणसाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवतात. त्यांवर संयुगाच्या १०, २०, ४० व ८० मायक्रोग्रॅम अशा चढत्या मात्रा सोडतात. ४८ तासांनी गुलाबी रंगद्रव्याने पेशी रंगवून किती उरल्या ते यंत्राने मोजतात. पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असली, तर संयुग ‘सक्रिय’ म्हटले जाते. तुलनेसाठी शेजारच्या खळग्यांत ॲड्रियामायसिन हे प्रस्थापित औषध ठेवलेले असते. त्वचेच्या मेलानोमा या घातक कर्करोगाच्या पेशीही अशाच तपासल्या जातात.

एवढ्यावरून काय सिद्ध होते? फार थोडे. ताटलीतील पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात, दारूनेही मरतात. निरोगी पेशींना धक्का न लावता रोगी पेशी मारणे, पोटातून रक्तात आणि रक्तातून गाठीपर्यंत पोहोचणे, यकृताला न जाळणे, या सगळ्या कसोट्या त्यापुढच्या आहेत. ताटलीतून निघालेल्या हजारो संयुगांपैकी एखादेच रुग्णापर्यंत जाते. यात शास्त्राचा दोष नाही. चाळण अशीच असते. खेद याचा आहे की आपल्याकडे चाळणीची पहिली जाळी तेवढी आहे. दुसरी, तिसरी, चौथी जाळी तालुक्याच्या शास्त्रज्ञाच्या आवाक्यात नाहीच. पहिल्या जाळीतून जे उरते ते धान्य म्हणून साठवायला कोठार नसल्याने कोंड्याबरोबर उकिरड्यावर जाते.

आणि ही पहिली जाळीही निर्दोष ठेवायची तर सार्वजनिक शिस्त लागते. एम.डी.ए.-एम.बी.-४३५ नावाच्या पेशी जगभरातील प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या. २००० साली त्यांची जनुके मेलानोमासारखी वागतात असे दिसले आणि २००७ साली त्या एम-१४ या मेलानोमाच्याच पेशी असल्याचे दाखवून दिले गेले. स्तनाचा रोग समजून शास्त्रज्ञ त्वचेचा रोग तपासत बसले होते! पेशींची ओळख पटवणारी तपासणी प्रत्येक चाचणीस सक्तीची आणि विनामूल्य नसेल, तर तालुक्याचा अध्यापक कशावर संयुग टाकतो आहे हे त्याला तरी कसे कळावे?

गुणांचा कारखाना

मग अध्यापक पुढे का जात नाही? कारण त्याला पुढे जाण्याचे नव्हे, छापण्याचे वेतन मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकाचे काम गुणांत मोजण्याची पद्धत आणली. निबंधाला इतके गुण, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. गुण जमले की पदोन्नती. बाजाराने ही मागणी तत्काळ ओळखली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. २ मे २०१८ रोजी आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे दुसरी यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केली. रोग्याचे निदान न करता दर काही वर्षांनी पट्टी बदलण्याचा हा प्रकार आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे श्रमाचे उपयोगमूल्य नाहीसे होऊन केवळ विनिमयमूल्य उरले आहे. संयुग औषध होईल की नाही याच्याशी अध्यापकाचा संबंध तोडला गेला. त्याच्या हाती उरला तो निबंध, जो पदोन्नतीच्या बाजारात वटतो. शिवाय तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण अध्यापकाला तर हे वटवणेही नशिबी नाही. राज्यात हजारो प्राध्यापकपदे रिक्त ठेवून तासाच्या मोबदल्यावर विद्वान राबवून घ्यायचे, आणि त्यांच्याकडून कर्करोगावर औषधाची अपेक्षा करायची, हा शुद्ध निर्लज्जपणा आहे.

औषधे कोणाच्या पैशावर जन्मली?

खासगी कंपनीच औषध शोधते आणि सरकारने मध्ये पडू नये, असा मंत्र गेली तीन दशके जपला जात आहे. त्वचेच्या कर्करोगाचाच इतिहास या मंत्राला खोटे पाडतो. त्वचेवरील काही उथळ कर्करोगांवर मलम म्हणून वापरले जाणारे ५-फ्लुओरोयुरासिल हे कृत्रिम संयुग १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन या सरकारी विद्यापीठाच्या चार्ल्स हायडेलबर्गर यांनी सहकाऱ्यांसह पुढे आणले. मेलानोमावर अनेक वर्षे मुख्य औषध म्हणून दिले गेलेले डाकार्बाझिन १९५९ साली अलाबामातील सदर्न रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये फुल्मर शीली यांनी सरकारी अनुदानावर बनवले. त्याला मान्यता मिळाली १९७५ साली. त्याचा गुण थोड्याच रुग्णांना येई. पण संयुग आणि मान्यता यांच्यामधली सोळा वर्षे कोणीतरी पोसली होती हे विसरू नये.

२००२ साली इंग्लंडमधील सँगर संस्थेने, धर्मादाय निधीच्या बळावर, मेलानोमाच्या पुष्कळ रुग्णांत बीराफ नावाचे जनुक बिघडलेले असते हे शोधले. या बिघाडावर नेम धरणारे वेमुराफेनिब हे औषध २०११ साली अमेरिकेत मान्य झाले. ते खासगी कंपनीने बनवले हे खरे. मात्र नेम कोठे धरायचा हे सांगणारा शोध कंपनीचा नव्हता. अंधारात चाचपडण्याचा खर्च समाजाने केला. दिवा लागल्यावर दुकान मात्र कंपनीने मांडले.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ सालीच मांडले होते की शोधकार्यात अनिश्चितता मोठी आणि ज्ञानाचा लाभ एकट्याच्या मुठीत ठेवणे अवघड, म्हणून खुला बाजार शोधावर समाजाला हवा त्याहून कमीच खर्च करील. ॲरो काही समाजवादी पक्षाचे सभासद नव्हते. भांडवलशाहीच्या माहेरघरातला हा निष्कर्ष आहे. त्याला अनुसरूनच अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेने १९९० पासून साठ मानवी पेशींच्या संचावर जगातल्या कोणाकडूनही आलेली निवडक संयुगे दीर्घकाळ विनामूल्य तपासून दिली. भारतीय प्रयोगशाळांनीही तेथे संयुगे पाठवली. बाजाराचे स्तोत्र जगाला शिकवणारा देश आपल्या घरी सार्वजनिक चाळण चालवतो, आणि आपण मात्र शिष्याच्या निष्ठेने स्तोत्र तेवढे पाठ करतो!

आपल्याकडे काय चालले आहे? संशोधन व विकासावरील देशाचा खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीनमध्ये तो अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची घोषणा झाली. त्यातील छत्तीस हजार कोटी खासगी व इतर बाहेरच्या स्रोतांतून यायचे होते. १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांची आणखी एक योजना मंजूर केली. तिचा मुख्य हेतू खासगी क्षेत्राला अल्प अथवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचा पैसा पुरवणे हा आहे. उद्योगपतीला शून्य व्याज आणि कुहीच्या अध्यापकाला शून्य अनुदान! शून्याचा शोध भारताने लावला म्हणतात, त्याचा असा उपयोग होईल असे कोणाला वाटले असेल?

हातचे घालवलेले

हा देश नेहमीच असा हतबल नव्हता. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला. त्याने पेनिसिलिन तर बनवलेच, शिवाय तेथील संशोधन केंद्रात थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गर्भनिरोधक गोळी स्वतःच्या संयुगातून दिली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्तेदारी नाकारली, केवळ प्रक्रियेवर अल्पकाळ हक्क दिला. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ साली सार्वजनिक क्षेत्राला औषध उद्योगात अग्रस्थान द्या असे बजावले. त्या पायावर स्वस्त औषधांचा देश घडला.

२००५ साली वस्तूवरील पेटंट परत आले. त्यातूनही कायद्यात राखलेल्या फटींचा उपयोग झाला. सोराफेनिब हे औषध मेलानोमावर तपासले गेले तेव्हा अपेशी ठरले, परंतु मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगात उपयोगी पडले. कंपनी त्याच्या महिनाभराच्या मात्रेला २,८०,४२८ रुपये घेत होती. मार्च २०१२ मध्ये सक्तीच्या परवान्याने नॅटको या भारतीय कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा मिळाली. तेच औषध, तोच रोगी. मधले दोन लाख एकाहत्तर हजार रुपये मक्तेदारीची खंडणी होती. त्यानंतर कर्करोगाच्या औषधासाठी असा परवाना देण्याचे धैर्य सरकारला झालेले नाही. आणि २०१६ च्या डिसेंबरात तर मंत्रिमंडळाने पिंपरीच्या कारखान्याची जादा जमीन विकून कारखान्याचीही धोरणात्मक विक्री करण्याचे ठरवले. ज्या हातांनी उद्या कुहीतले संयुग औषध म्हणून घडवायचे, तेच हात लिलावात काढले.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: त्वचेचा कर्करोग गोऱ्यांचा, आपला नव्हे. भारतात मेलानोमा विरळा आहे, हे मान्य. परंतु मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच दाखवले होते की कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने त्वचेचा कर्करोग होतो. तोच काच नऊवारीच्या आणि परकराच्या नाडीचाही असतो. भाजल्याच्या जुन्या व्रणांत वर्षांनंतर कर्करोग उद्भवतो, आणि चुलीशी आयुष्य काढणाऱ्या बायकांच्या देशात हे व्रण थोडे नाहीत. आपल्याकडचा मेलानोमा पुष्कळदा तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. तोच प्रकार पायाच्या अंगठ्यात होऊन जमैकाचा गायक बॉब मार्ले १९८१ साली वारला. तो काही गोऱ्यांच्या उन्हाळी किनाऱ्यावर लोळून आजारी पडला नव्हता. या तळपायाच्या प्रकारात बीराफचा बिघाड कमी आढळतो. म्हणजे गोऱ्या रुग्णाच्या बिघाडावर नेम धरलेले महागडे औषध येथे आले तरी आपल्या मजूर स्त्रीला त्याचा उपयोग होण्याची शक्यता कमीच. जिच्याकडे क्रयशक्ती नाही तिच्या रोगावर नेम कोण धरणार? बाजार धरणार नाही. म्हणूनच ते सार्वजनिक काम आहे.

दुसरा आक्षेप: तालुक्याच्या महाविद्यालयाने शिकवावे, संशोधन मोठ्या संस्थांना सोडावे. हा वर्णव्यवस्थेचाच नवा अवतार आहे. ज्ञान निर्माण करायचे महानगराने आणि पाठ करायचे खेड्याने! ज्या कुही तालुक्यातील आंभोऱ्याशी परंपरेने मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’चे नाते सांगितले जाते, तेथे ज्ञान उपजत नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. शिवाय २००८ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने क्षयरोगावरील औषधासाठी खुला सहभाग योजला, तेव्हा लहानमोठ्या महाविद्यालयांतील शेकडो विद्यार्थ्यांनी क्षयजंतूच्या जनुकांची माहिती जुळवण्याचे काम केले. योग्यता होती. पुढे योजनेचा जोर ओसरला, तो योग्यतेअभावी नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. गोसेखुर्दच्या विस्थापितांचे प्रश्न शिल्लक, धानाला भाव नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. अशा वेळी संयुगांच्या चाचण्या ही चैन नव्हे काय? तळपायावरचा डाग वेळीच ओळखून शस्त्रक्रियेने काढणे हा कोणत्याही संयुगापेक्षा मोठा उपाय आहे, यात वाद नाही. केंद्रात डॉक्टर हवाच, आणि त्याने रुग्णाचे तळवे पाहिले पाहिजेत. परंतु उशिरा आलेल्या रुग्णाचे काय? त्याला केवळ श्रीमंतांच्या औषधाची किंमत ऐकवायची? भाकरी आधी की विज्ञान आधी, हा वाद ज्यांच्या हाती दोन्ही आहेत त्यांनी गरिबांत लावून दिलेला आहे. कष्टकऱ्यांच्या चळवळीने दोन्हींवर हक्क सांगितला पाहिजे.

मागणी काय?

मागणी नेमकी हवी. प्रत्येक विद्यापीठाच्या क्षेत्रात, विदर्भासाठी नागपूरला, संयुगांच्या चाचणीचे सार्वजनिक केंद्र उभे करा. १९४२ पासून रासायनिक तंत्रविद्या शिकवणारी लक्ष्मीनारायण संस्था, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ‘एम्स’ एकाच शहरात असताना हे अशक्य आहे असे कोणता अधिकारी म्हणेल? तेथे अनुदानित, विनाअनुदानित असा भेद न करता कोणत्याही अध्यापकाचे संयुग विनामूल्य तपासले जावे, पेशींची ओळख पटवलेली असावी आणि निरोगी पेशींवरील परिणामही नोंदवला जावा. निष्फळ ठरलेल्या संयुगांची नोंदही सर्वांसाठी खुली ठेवा. आज एकाचे अपयश दुसऱ्याला ठाऊक नसल्याने तीच वाट दहा जण पुन्हा तुडवतात. आशादायक संयुगाची प्राण्यांवरील आणि माणसांवरील पुढची तपासणी सार्वजनिक संस्थांनी करावी, आणि उत्पादन पिंपरीच्या कारखान्यात व्हावे. सार्वजनिक पैशातून निघालेल्या पेटंटवर किमतीची मर्यादा कायद्यानेच बांधा. आणि रिक्त जागा भरून तासिका तत्त्वाचा हा वेठबिगार संपवा.

याला खर्च किती येईल, असे विचारणारे पुढे येतील. लाख कोटींची तिजोरी उद्योगांसाठी उघडताना ज्यांनी हा प्रश्न विचारला नाही, त्यांना तो विचारण्याचा अधिकार उरत नाही. तरीही उत्तर देता येते. सर्व संयुगे औषधे होणार नाहीत; बहुतेक मरतीलच. परंतु चाळण समाजाच्या मालकीची असली तर मेलेले संयुगही ज्ञान म्हणून उरते, आणि एखादे जगले तर त्यावर कोणाची खंडणी बसत नाही.

कार्यकर्त्यांनी हे काम विद्वानांवर सोपवून मोकळे होऊ नये. पुढच्या खेपेस तालुक्यात संशोधक अध्यापकाचा सत्कार होईल तेव्हा तेथे जावे, टाळ्याही वाजवाव्यात, कारण त्याचे श्रम खरे आहेत. आणि मग व्यासपीठावर बसलेल्या आमदार-खासदारांना उभे राहून विचारावे: या संयुगाची पुढची तपासणी कोण करणार, कोठे करणार, आणि औषध झालेच तर सातऱ्यावरच्या बाईला ते काय भावाने मिळणार? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत सभा उठू देऊ नये.